गारव्याच्या खोलीचं कुलूप

मे महिना, शेवटचा रविवार, सकाळची सभा. जागा : घणसोली, आमच्या सोसायटीचं ऑफिस. हजर : अध्यक्ष पाटीलकाका, खजिनदार मेननबाई, सचिव म्हणजे मी, आणि एरवी सभेकडे न फिरकणारे बरेच सभासद. बोलावून आणलेला : मनोज, एसी मेकॅनिक. गैरहजर : शोभाताई. त्या दवाखान्यात होत्या.

या सभेला आता दोन उन्हाळे होतील. तिथं मी एक वाक्य बोलले, ते खोटं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण काय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

आधी मी कोण ते सांगते. ऐरोलीच्या एका कंपनीत प्रशासन बघते. बावन्न वर्षांची आहे. माझ्या फ्रिजवर रोजची यादी असते, पर्समध्ये आठवड्याची, आणि सोसायटीच्या कामांची वेगळी. कोणतं काम कधी झालं, कोणाला फोन केला, कोण काय म्हणालं, सगळं लिहिलेलं. लोक हसतात, पण अडलं की माझ्याकडेच येतात. "मॅडमला विचारा, त्यांच्याकडं नोंद असेल." हे ऐकायला मला आवडायचं. खूप आवडायचं.

आणि हवामानाचं मला खरंच पडलेलं होतं — हे तुम्ही खोटं धरू नका. आमच्याकडे दरवर्षी थोडं थोडं बदलत गेलेलं मी बघत होते. पाऊस आला की एका रात्रीत पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, उन्हाळा आला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं. पेपरात तर रोज कुठल्या तरी देशात जंगल पेटलेलं असायचं, कुठं बर्फ वितळलेलं. माणसाच्या इतिहासात असं कधी झालं नाही म्हणतात. मी वाचायची आणि विचार करायची — एवढ्या मोठ्या गोष्टीपुढं आपण काय करायचं? माझ्यासारखी बाई अशा वेळी यादी करते. मी केली. गच्चीवर सौर पॅनेल. ओल्या कचऱ्याचं खत. जिन्यातले दिवे बदलणं. आणि गारव्याची खोली.

गारव्याची खोली ही माझीच कल्पना. गेटजवळचं सोसायटीचं ऑफिस दिवसभर रिकामं असायचं, आत एसी होता. भर दुपारी ते उघडं ठेवायचं — वॉचमन, झाडूवाल्या, घरकामाच्या बायका, पार्सल आणणारी मुलं, ज्याला हवं त्यानं येऊन टेकावं. थंड पाण्याचा माठ, दोन चटया. सभेत मी मांडलं तेव्हा टाळ्या पडल्या. आमच्या घरात लहानपणापासून एक नियम होता, वडिलांचा — कुणालाही दारात ताटकळत ठेवायचं नाही. तो नियम कुठून आला असेल, ते आमच्या समाजातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ती खोली उघडली त्या दिवशी मला वडिलांची आठवण आली होती.

शोभाताई त्या खोलीच्या पहिल्या गिऱ्हाईक. मूळच्या साताऱ्याकडच्या, शेजारच्या तळवलीत पत्र्याच्या खोलीत राहायच्या. आमच्या सोसायटीत चार घरी स्वयंपाक, त्यात एक घर माझं. सकाळची घरं आणि संध्याकाळची घरं यांच्या मधली दुपार त्या आधी आपल्या खोलीवर काढायच्या, पण पत्रा तापला की आत भट्टी. आता त्या ऑफिसात चटईवर आडव्या व्हायच्या आणि वॉचमनची फिरकी घ्यायच्या. बोलणं म्हणजे लाह्या फुटाव्यात तसं. त्या खोलीत असल्या की बाहेर गेटपर्यंत हसू ऐकू यायचं.

मग स्पर्धा आली.

एका संस्थेची होती, हरित सोसायटीची. आम्ही नाव दिलं. पॅनेलचा विषय कित्येक महिने लटकलेला होता. सभासद सही करत नव्हते. पाटीलकाका तळवलीचेच, मूळ गावकरी, त्यांनी सरळ सांगितलं, "पयलं बक्षीस आना मॅडम, मंग सगल्यांच्या सह्या मी घेतू." म्हणजे बक्षीस आलं तर पॅनेल येणार. मी कामाला लागले. खत झालं, दिवे झाले, पंपाची वेळ बदलली. एकच अट राहिली — उन्हाळ्यातलं सामायिक मीटरचं रीडिंग आदल्या वर्षीपेक्षा कमी पाहिजे. आणि ते कमी होत नव्हतं. का होईल? रोज दुपारभर एक एसी चालू होता, जो आदल्या वर्षी चालू नव्हता.

तुमच्या लक्षात आलं असेल.

मी मेन बोर्डातलं एसीच्या एमसीबीचं बटण खाली पाडलं, म्हणजे एसी बंद. खोलीला कुलूप लावलं. दारावर कागद चिकटवला — 'एसी नादुरुस्त. दुरुस्ती लवकरच.' अक्षर माझंच, सुवाच्य. पंखा आणि माठ तरी चालू ठेवता आला असता, नाही का? पण परीक्षक येणार होते. चपला, डबे, चटयांवर पसरलेल्या बायका — मला ते ऑफिस ऑफिससारखं दिसायला हवं होतं.

तेव्हा मला टोचलं नाही. खरं सांगते, नाही टोचलं. आपण अख्ख्या पृथ्वीसाठी काहीतरी करतोय असं एकदा मनात बसलं, की एक दार फार लहान दिसायला लागतं. पॅनेल लागले की वर्षानुवर्षं वीज वाचणार, बाजूच्या सोसायट्या बघून शिकणार. त्यापुढं काही दुपारी एक खोली बंद राहिली तर काय झालं? असा हिशेब मी केला, आणि तो बरोबरच वाटत होता.

शोभाताई भाकरी थापता थापता विचारायच्या, "मॅडम, एसी सायबांचं दुखनं लईच लांबलं की वो."

"मेकॅनिकला सांगितलंय, शोभाताई."

"मेकॅनिक काय विलायतेवरनं यायचाय? का लगीन हाय त्याचं?"

मी हसले. त्या हसल्या. मनोजला मी सांगितलं नव्हतं. त्याला काय सांगणार होते?

परीक्षक शनिवारी आले. ऊन असं, की रस्त्यावरची कुत्री गाड्यांखालून हलत नव्हती. वॉचमनला मी पाहुण्यांची गाडी लावून घ्यायला मागच्या बाजूला पाठवलं. खताचा खड्डा दाखवला, गच्ची दाखवली, मग सगळ्यांना माझ्या घरी घेऊन आले. कोकम सरबत, पडदे ओढलेले, एसी चालू. सगळं छान चाललं होतं.

यापुढचं सांगायचं होतं म्हणून एवढं सगळं सांगितलं. कारण आत्तापर्यंत जे सांगितलं ना, ते तसं — ते मी एखाद्या दिवशी कुणाला तरी सांगितलंही असतं. बटण पाडलं, खोटा कागद लावला. लोकांनी नावं ठेवली असती आणि विसरले असते.

बाकीचं कसं विसरतील?

माझं घर पहिल्या मजल्यावर आहे. पडदा नीट करायला मी खिडकीशी गेले. खाली ऑफिसच्या पायरीवर शोभाताई बसल्या होत्या. पाठ कुलूपबंद दाराला टेकलेली, पदर डोक्यावर. भिंतीची सावली तोवर सरकून गेली होती. त्यांनी वर पाहिलं आणि हात केला. नेहमीसारखा नाही, अर्धाच. तोंड लाल दिसत होतं. किल्ली माझ्या कमरेला होती. जिना उतरायला कितीसा वेळ लागतो?

पण मी खाली गेले असते, तर पाहुणे मागोमाग आले असते. कुलूप उघडलं असतं. एसी सुरू झाला असता. आणि तो कागद —

मी पंजा दाखवला. थांबा, असा. येते, असाही त्याचा अर्थ होतो. त्यांनी मान हलवली.

आणि त्या थांबल्या.

बाई चार घरं सांभाळणारी, अख्ख्या सोसायटीत कुणाचीही बेल वाजवून पाणी मागू शकणारी. पण मी थांबा म्हटलं होतं. मॅडम सांगतात ते करतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी पाहुण्यांना आणखी सरबत दिलं. पॅनेलविषयी बोलले. खूप चांगलं बोलले म्हणे. त्यांना निरोप द्यायला खाली आले तेव्हा शोभाताई पायरीवरून खाली कलंडल्या होत्या. अंग तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही, काहीतरी पुटपुटत होत्या. मग मी जे केलं ते सगळं बिनचूक केलं. सावलीत ओढलं, ओली चादर, बर्फ, माझी गाडी, दवाखाना. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

वेळेवर.

त्या संध्याकाळी मी बटण वर केलं. एसी लगेच सुरू झाला. त्याला झालंच काय होतं? दुसऱ्या दिवशी सभा. सगळे चिडलेले, घाबरलेले. मेननबाईंनी विचारलं, एसी इतके दिवस बंद का होता? मी म्हटलं, मेकॅनिक आला नाही, शेवटी काल बाहेरचा माणूस आणून करून घेतला.

मनोज उभा राहिला. तळवलीत एका गाळ्याचं दुकान, आमच्या सोसायटीचं देखभालीचं काम त्याच्याकडं होतं. तो म्हणाला, "मॅडम, मला फोनच आला नाही. आईशप्पत. आला असता तर धावत आलो असतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी केला होता," मी म्हटलं.

हे ते वाक्य.

मोबाइल कुणी मागितला नाही. नोंद कुणी बघितली नाही. पाटीलकाका म्हणाले, "मॅडम बोलल्या म्हंजे फोन केलाच. त्या कं खोटं बोलनार हायेत? चल, नीग तू." मनोज माझ्याकडे बघत राहिला — रागानं नाही, आपणच काही विसरलो की काय, अशा नजरेनं. नंतर समजलं, शेजारच्या दोन सोसायट्यांनीही त्याचं काम काढून घेतलं. 'याच्यामुळं बाई मरायची राहिली' असं नाव झालं त्याचं. दुकान अजून आहे. शटर अर्धं वर असतं.

बक्षीस मिळालं. पॅनेल लागले. खरोखर लागले, गच्चीवर चमकतात, आणि आमचं बघून आणखी काही सोसायट्यांनी लावले. त्यांच्या सभांमध्ये मला बोलायला बोलावतात. मी जाते. उन्हाळ्याची तयारी कशी करावी, यावर माझं एक टिपणही आहे. त्यात मी ठळक लिहिलंय — खोलीची किल्ली कधीही पदाधिकाऱ्याकडे ठेवू नये. लोक विचारतात, हा मुद्दा कसा सुचला? मी म्हणते, अनुभव.

पौर्णिमेला विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणते. 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटं न बोलण्याचं शील, आलं की माझा आवाज बंद होतो. ओठ हलत राहतात. शेजारच्या बाईला कळत नाही.

शोभाताई वाचल्या. पण चालताना तोल जातो, आणि जीभ जड झाली आहे. एक एक शब्द धरून आणल्यासारखा येतो. स्वयंपाकाची कामं सुटली. ती दुपार त्यांना आठवत नाही. पायरी आठवत नाही, खिडकी आठवत नाही, माझा हात आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मी फळं घेऊन गेले होते, तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "म्याडम... तुमी व्हता... म्हनून." आणि मग मनोजला शिवी घातली. तीसुद्धा पूर्ण व्हायला वेळ लागला. मी तिथं बसून ती पूर्ण होऊ दिली.

त्यांना आठवत नाही, हे समजलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हेही लिहायला हवं.

आता त्या दिवसभर त्याच पत्र्याखाली असतात. पूर्वी दुपारपुरती सुटका असायची, आता तीही नाही. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला की आत बराच फरक पडतो, माझ्याच टिपणात आहे ते. गेल्या उन्हाळ्याआधी मी रंग आणला. ब्रश आणले, रंगारी ठरवला. मग निघताना वाटलं — आधी खरं सांगायचं, मग रंग लावायचा. नाहीतर त्या पुन्हा माझा हात धरतील, पुन्हा उपकार मानतील, आणि ते मला सहन होणार नाही. मला सहन होणार नाही — बघा, इथंही माझंच. म्हणून रंगारी पुढं ढकलला. सांगणं झालं नाही. तो उन्हाळा त्यांनी तसाच काढला.

यंदा परत तेच चाललंय. होळी झाली. सकाळी दहालाच ऊन अंगावर येतं. रंगाचे डबे गॅलरीत आहेत, झाकणं घट्ट. तळवली इथून रिक्षानं जवळ आहे. शोभाताईंचा पत्रा अजून रंगवायचा राहिला आहे.