मुंगीची घसरगुंडी

उदगीरहून भालकीची बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर मिठाईचा डबा होता. आत मिठाई नव्हती, आगगाडी होती: बोटभर इंजिन आणि सहा डबे. रेल्वेवेडा माणूस, अन् निघालो बसने! ही गाडी भालकीच्या शिवराजअण्णांना देऊन टाकायची, असं ठरवूनच लातूर सोडलं होतं.

छोट्या आगगाड्यांचा नाद आम्हा दोघांनाही. माझी गाडी खऱ्या गाडीच्या एकशेसाठाव्या हिश्श्याची, अण्णांची सत्त्याऐंशीव्या, म्हणजे जवळजवळ दुप्पट. यावरून फोनवर आमचं कायम भांडण. मी त्यांच्या गाडीला म्हैस म्हणायचो, ते माझ्या गाडीला मुंगी.

उसाच्या ट्रॅक्टरांमागे रेंगाळत बस भालकीला पोचली. स्टँडवर अण्णा उभे होते. फोनवर आवाज केवढा भारदस्त, आणि माणूस अगदीच किरकोळ निघाला!

घरी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हुग्गी (गव्हाची गुळातली खीर) वाढली. मी वाटी उचलली आणि निम्मी सदऱ्यावर सांडली.

"लई गरम हाय वाटतं," म्हणत अक्कांनी फडकं दिलं. गरम मुळीच नव्हती. वर्षभरापासून माझा हात थरथरतो.

मी डबा पुढे सरकवला. "ठेवा अण्णा. कंटाळा आला मला."

"कामून खोटं बोलायलाव, सर? फोनवर सारखं 'चाक रुळावर बसंना' म्हनायलाव. मला कळत न्हाई व्हय?"

अण्णांचं लाकडाचं दुकान घराला लागूनच; ते मला तिकडे घेऊन गेले. मागच्या खोलीत त्यांच्या म्हशीचे रूळ मांडलेले, आणि शेजारी एक नवीन, अरुंद रूळ. त्याच्या टोकाला सागवानी उतार, दोन खाचा कोरलेला.

"ही तुमच्या मुंगीची घसरगुंडी. वर कसंबी ठेवा, चाक आपोआप रुळावर येतंय. माझ्यासारकी मोठी गाडी घ्या म्हनलो असतो, पन तुमचा जीव तर मुंगीतच!"

थरथरत्या हाताने मी इंजिन ठेवलं. ते घसरलं, डुगडुगलं आणि रुळावर बसलं. मला रडू आलं. अण्णा उगाच खिडकीबाहेर बघत राहिले.

परतीच्या बसमध्ये मांडीवर डबा होताच, वर कागदात गुंडाळलेला तो उतारही होता. देऊन टाकायला गेलेला माणूस घेऊन परतत होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हाय ओ त्यात?"

"घसरगुंडी."

"नातवाला व्हय?"

"न्हाई," मी म्हणालो, "मला."