दोन महिन्यांचं कपाट

दामिनीच्या कपाटाचं दार नुसत्या हाताने लागत नसे. उजवा खांदा टेकवायचा, खालून गुडघा लावायचा, श्वास रोखायचा आणि मग किल्ली फिरवायची. शेणव्याला, सासरच्या गावी, येऊन सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षं ती त्या दाराशी अशी झोंबत होती.

आत काय नव्हतं! कल्याणला ती दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला बसायची, तेव्हाचे कुर्ते. त्यांच्या रंगाच्या लेगिंग्ज, ओढण्या, खोक्यात जपलेले उंच टाचांचे सँडल. एका कोपऱ्यात नवऱ्याचे, पंकजचे, कंपनीतले शर्ट. कंपनी बंद पडली तेव्हा पंकज म्हणाला होता, "दोन महिने गावाला काढू, मग बघू." हे सगळं त्या दोन महिन्यांसाठी टांगलेलं होतं.

अंगावर मात्र दोन गाऊन, दोन सुती साड्या, शहापूरच्या बाजाराला जायला एक ड्रेस. भेंडी तोडायला साडीवरून पंकजचा जुना शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावून. भेंडीची लव लागली की अंग दिवसभर खाजतं, म्हणून हातात बोटं कापलेले मोजे. एवढ्यात तिचा आठवडा निघायचा. बाकीचं कपाट दुसऱ्याच कुणा बाईचं.

"कोणासाठी राखलंस गो?" सासू विचारायची. "उंदरांना?"

"परत जायचंय ना आई. लागतील."

"कदी जायचाय?"

यावर दामिनी भांडी वाजवायची.

माघात उंदीर खरंच शिरले. जांभळ्या कुर्त्याची अख्खी बाही कुरतडलेली. पंकज खत आणायला गेला होता. दामिनीने दार सताड उघडलं आणि सगळं पलंगावर ओतलं. रोजचे एकीकडे, लग्नकार्याचे एकीकडे, द्यायचे एकीकडे. हात भराभर चालत होते, जसं काही कुणाचं तरी घर फोडतेय. द्यायचा ढीग वाढत वाढत उशीच्या वर गेला.

दरवर्षी हंगामात तोडणीच्या बायकांना घरातले जुने शर्ट द्यायची रीत होतीच. पाड्यावरची सावळीमावशी दोघींना घेऊन आली. कुर्ते हातात धरून बघून तिने तोंड वाकडं केलं. "या घालून भेंडी तोडायची का नाचायचा?"

"पोरींना दे गो मावशी. आणि हे शर्ट तुमाला."

त्यात एक आकाशी निळा शर्ट होता. लांब बाह्यांचा, कडक कॉलरचा. पंकज कंपनीत पहिल्या मुलाखतीला घालून गेला होता तो. दामिनीने तो उचलला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली, घडी घातली आणि मावशीच्या हातात दिला.

त्या दिवशी कपाटाचं दार एका बोटाने लागलं. इतकं अलगद, की तिलाच भीती वाटली. तिने ते परत उघडून बघितलं.

दोन दिवस कुणाच्या काही लक्षात आलं नाही. बुधवारी भेंडीचे क्रेट टेम्पोत चढवून पंकज अंगणात टेकला, तेवढ्यात फोन आला. जुन्या कंपनीतला दोस्त, अक्षय. पंकज बोलता बोलता उठून उभा राहिला.

"पडघ्याच्या गोदामात सुपरवायझर पाहिजे. उद्या दहाला बोलावलंय!" फोन ठेवून तो ओरडला. "लागलं तर पुढच्या महिन्यात कल्याणला खोली बघू. दामिनी, माझा तो निळा शर्ट इस्त्री करून ठेव."

"हो," दामिनी म्हणाली.

हा 'हो' कुठून आला तिला कळलं नाही. हातातली पाण्याची कळशी तिने चुलीच्या शेजारी ठेवायची ती चुलीवरच ठेवली.

"गो, पाणी तापवतेस का पियाला?" सासूने विचारलं.

"मी आले जरा. कोथिंबीर आणते."

"कोथमीर परड्यात हाय ना!"

पण दामिनी बांधावरून चालू पडली होती. सावळीमावशी आज रस्त्यापलीकडे कुंडलिकभाऊंच्या रानात तोडायला होती. लांबूनच निळं दिसलं. जवळ गेल्यावर दिसलं ते आणखी वाईट. पोटावर भेंडीच्या चिकाचे काळपट डाग, कोपर फाटलेला.

"मावशी, तो शर्ट..."

"ब्येस हाय गो! हवा लागते."

"तो परत पाहिजे होता."

शेजारच्या ओळीतली बाई फिसकन हसली. सावळीमावशीने कमरेची पाटी खाली ठेवली.

"दिलेला परत मागतेस?"

"चुकून आला गो तो. यांना उद्या नोकरीला बोलावलंय. तो घालून जायचंय."

"चुकून?" मावशीने तिच्याकडे बघितलं. ओरडली नाही, तेच जास्त लागलं. "बाकीचे बोळे करून दिलेस. या एकाला बटणा लावलीस, घडी घातलीस. मी बघत व्हते ना. घरातला माणूस वाटेला लावतात तसा दिलास तू."

दामिनीचे कान गरम झाले. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "धुवून देशील?"

"डाग नाय जायाचा. धुते. पन तू तुझ्या नवऱ्याला काय सांगशील त्या बघ."

परत येताना तिने तीनदा वाक्य जुळवलं. उंदराने खाल्ला. लाँड्रीत टाकलाय. चुकून गेला. घरी आली तर पंकज जुनी फाईल काढून सर्टिफिकिटं पुसत बसला होता. इतका आनंदात, की तिचं एकही वाक्य बाहेर पडेना. जेवताना त्याने विचारलं, "झाली इस्त्री?" "सकाळी करते," ती म्हणाली.

सकाळी तो आंघोळ करून कपाटासमोर आला. दार सहज उघडलं. तो आत बघत राहिला, मग मागे वळून त्याने विचारलं, "कपडे कुठायत?"

"दिले."

"सगळे? शर्ट?"

तेवढ्यात अंगणातून हाक आली. "गो दामिनी!" सावळीमावशी. हातात ओलसर निळी घडी. पंकजने ती घेतली, डागांकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. शर्ट झटकला आणि तसाच ओला अंगात चढवला.

बाह्या दंडात अडकल्या. खांद्याला शिवण करकरली. पोटावरचं बटण लागलं, छातीवरचं काही केल्या लागेना. सहा वर्षं क्रेट उचलून त्याचे खांदे कुठल्या कुठे गेले होते.

सासू दारात उभी होती. "अरे, श्वास घेऊ नको मुलाखतीत," ती म्हणाली.

मावशी हसली. पंकज हसला नाही. शर्ट काढून तो पलंगावर बसला, उघड्या अंगाने. मावशी गुपचूप निघून गेली.

"तू मुद्दाम दिलास?"

"माहीत नाय." दामिनी पुटपुटली. "हो."

"का?"

"मला नाय जायचं परत." तिने पदर हाताभोवती गुंडाळला. "तुमी जा. नोकरी करा. इथून जा-ये करा, मी डबा देईन. पण ती खोली, ते दवाखान्यात दिवसभर हसत बसणं, मला नाय जमायचं आता. मी इथं राहते. कपडे पण इथलेच ठेवलेत."

"हे तू तोंडाने सांगायचं ना. शर्टाला कशाला सांगायला लावलंस?"

पंकजने खुंटीवरचा चौकड्यांचा शर्ट काढला, जो घालून तो रोज टेम्पो भरायचा. कॉलर झिजलेली, पण खांद्यात नीट बसणारा. फाईल उचलली आणि गाडीला किक मारली.

तोडणीचा दिवस नव्हता, तरी दामिनी मोजे चढवून रानात गेली. निंदायला बसली. गवताबरोबर दोन भेंडीची रोपंही उपटली गेली. दहा वाजले. अकरा. प्रत्येक गाडीच्या आवाजाला तिची मान रस्त्याकडे वळत होती. फोन ब्लाउजमधून काढून ती पुन्हा पुन्हा रेंज बघत होती.

साडेबाराला फोन वाजला. मोज्याने स्क्रीन सरकेना. दाताने मोजा ओढून तिने फोन कानाला लावला.

"झालं?"

"झालं. दोन दिवसांनी कळवतो म्हणाले." मागून ट्रकचे हॉर्न येत होते. "त्या साहेबाने विचारलं, राहायला कुठे? कल्याण का?"

दामिनीने गवताची एक काडी उपटली.

"मी म्हटलं, शेणव्याला."

तिला पटकन खाली बसावंसं वाटलं, पण ती आधीच बसलेली होती.

"ऐकतेस ना?"

"हो."

"आणि मग तो माझ्या शर्टाकडे बघून म्हणतो, शेती करता का? म्हटलं, हो. भेंडी." पंकज थांबला. "तू अजून शर्ट कुणाकुणाला दिलेस, ते तेवढं आज सांग. नायतर उद्या आपल्याच रानात भेंडी तोडताना मला मीच दिसायचो."

"आधी घरी या," दामिनी म्हणाली. तोंडात खारट चव होती, मोज्याची की कशाची कोण जाणे. "मग सांगते."