डोलिनेच्या तळाशी

स्लोव्हेनियात लेकीच्या घरामागे चुनखडीच्या माळावर एक मोठा खड्डा आहे. काठावरून पाहिलं तर तळाशी बटाट्यांचे सरळ वाफे दिसले. तिथले लोक त्याला डोलिना म्हणतात. त्यांच्या भाषेत अर्थ साधा, खोरं. पुढे जर्मन, फ्रेंच, इंग्रज भूगोलवाल्यांनी हा शब्द उचलला आणि चुनखडी विरघळून पडलेल्या खड्ड्यालाच चिकटवला. शब्द नेला, बटाटे मागेच राहिले.

मीही तेच केलं होतं. कडक इस्त्रीच्या साडीतली मी भूगोलाची नवी बाई, सांगलीपलीकडचं गाव न पाहिलेली, पण जग पाठ असल्याच्या तोऱ्यात. फळ्यावर नरसाळ्यासारखी डोलिना काढली, तर पहिल्या बाकावरच्या कुसुमनं विचारलं, "बाई, तळाशी काय असतं?"

"काही नसतं. पुढचं घे."

आता लेक म्हणाली, "आई, गुडघा बदलून वर्ष नाही झालं. इथूनच बघ."

"इथूनच बघून पस्तीस वर्षं शिकवलं," मी म्हटलं आणि काठी पुढे टाकली.

उतरायला अर्धा तास लागला. माळावरून धुऊन आलेली सगळी माती तळाशी साठली होती, लाल आणि मऊ. मूठभर हातात घेतली आणि तिथूनच कुसुमला फोन लावला. तिलाही आता नातवंडं आहेत.

"कुसुम, त्या डोलिनेच्या तळाशी बटाटे असतात गं."

ती म्हणाली, "बरं बाई. आता पुढचं घेऊ?"