चौदा ऑक्टोबरची चौथी ओळ

आमच्या शाळेत माणूस वर्षातून दोनदा चंद्रावर उतरायचा. एकदा जुलैत, सगळ्या जगाबरोबर, आणि दुसऱ्यांदा एकवीस ऑगस्टला, फक्त आमच्या गावात, सौंसरात. याला कारण आमची दिनविशेषाची वही. तीनशे सहासष्ट पानांचं ते जाड रजिस्टर माझ्या आधीच्या बाईंनी त्यांच्या आधीच्या गुरुजींच्या वहीवरून उतरवलं होतं. त्या गुरुजींनी कुठून उतरवलं, ते आता सांगायला कुणी नाही. रोज सकाळी त्या तारखेचं पान उघडायचं, फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने तीन ओळी लिहायच्या आणि प्रार्थनेनंतर त्या मोठ्याने वाचायच्या, ही आमची पद्धत. उतरवता उतरवता कुणाच्या तरी हातून चंद्र ऑगस्टच्या पानावर गेला. मीही सहा वर्षं तो तसाच फळ्यावर लिहिला. एकानेही मला विचारलं नाही, की मॅडम, याचा पुरावा काय?

पुरावा हा शब्द लक्षात असू द्या, कारण पुढे माझं डोकं त्याच शब्दाने फिरणार आहे.

माझा वाढदिवस एक जुलैला असतो. कॅनडा देश एक जुलैचा, हाँगकाँग चीनकडे गेलं ते एक जुलैला, जीएसटी लागू झाला तोही एक जुलैला, आणि आमच्या भागातली निम्मी माणसं जन्मली तीसुद्धा एक जुलैलाच. आईबाप पोराला शाळेत घालायला आणत आणि सांगत, कापूस फुटला होता तेव्हाचा, किंवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिकडे पांढुर्ण्यात गोटमारीची दगडफेक चालू होती तेव्हाचा. गुरुजींना एवढं पंचांग कोण उघडून देणार? शाळा एक जुलैला उघडायची, म्हणून तीच तारीख लिहून मोकळे व्हायचे. आमचे मुख्याध्यापकही एक जुलैचेच. दरवर्षी त्या दिवशी आम्ही दोघं मिळून एक केक कापतो. त्यांची आई म्हणते की ते संक्रांतीच्या थंडीत झाले. हे त्यांनीच केक खाताना हसत हसत सांगितलेलं आहे.

माझ्या मायची गोष्ट वेगळी. मोहगावकडच्या एका खेड्यात आमची वस्ती. १९५६ च्या दसऱ्याला, म्हणजे चौदा ऑक्टोबरला, वस्तीतली चालतीफिरती सगळी माणसं नागपूरला गेली होती. कुणी सौंसरहून छोट्या रेल्वेने, कुणी पायी. त्या दिवशी नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यात माझा आजोबाही होता. आजीचे दिवस भरले होते, म्हणून ती मागे राहिली, आणि त्याच दिवशी माय जन्मली. तिची तारीख अख्ख्या वस्तीला पाठ होती. पुढे तिला शाळेत घालताना आजोबाने गुरुजींना दिवस, सण, साल, सगळं सांगितलं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रजिस्टरात लिहिलं, एक जुलै. माय दुसरीपर्यंतच शिकली. पुढचं आयुष्य तिने कापूस वेचण्यात आणि लोकांच्या बगिच्यात संत्री तोडण्यात काढलं, पण गुरुजींवरचा राग काही सोडला नाही.

दोन वर्षांपूर्वी आधार कार्डावरची तारीख बदलायला मी तिला पांढुर्ण्याला नेलं. खिडकीतल्या माणसाने जन्माचा पुरावा मागितला. तिच्याजवळ पुरावा एकच, शाळेचा दाखला, आणि दाखल्यावर एक जुलै. चोरालाच साक्षीला बोलवावं तसं झालं. माय खिडकीसमोरून हलेना. ती त्याला सांगत होती की माझ्या जन्माच्या वेळी मी तिथे होती, तुम्ही नव्हते. मागच्या रांगेतले लोक हसले. मला लाज वाटली आणि मी तिचा हात धरून तिला बाजूला ओढलं. त्या ओढण्याची मला आजही चीड येते, आणि ती खिडकीतल्या माणसाची नाही, माझी स्वतःची.

मग काचबिंदूने तिचा डावा डोळा गेला. उजव्यातलंही हळूहळू जात होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून जितके दिवस टिकेल तितके दिवस टिकवायची. छापलेलं तिला आता दिसत नाही. काळ्यावर पांढरं, मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तर मात्र ती जवळ जाऊन एकेक अक्षर लावते.

गेल्या सप्टेंबरात एका रविवारी मी घरी गेले होते. माय अंगणात लसूण सोलत बसली होती. तिने सहज विचारलं, चौदा ऑक्टोबरला तू फळ्यावर काय लिहितेस. मी तिन्ही ओळी म्हणून दाखवल्या. १०६६ साली इंग्लंडातली मोठी लढाई. १९४७ साली माणसाने आवाजापेक्षा वेगाने विमान उडवलं. १९५६ साली नागपूरची दीक्षा. मोठ्या अभिमानाने मी पुढे जोडलं, की ही तिसरी ओळ लिहिताना मला आजोबाच दिसतो.

"अन् मायी माय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, आजी तर नंतर झाली ना बौद्ध, आजोबा परत आल्यावर. घरात मी लहानपणापासून हेच ऐकत आले होते. मायने लसूण खाली ठेवला.

तिने सांगितलं ते असं. सकाळी ती जन्मली. घरात आजी आणि म्हातारी दाई, दोघीच. दुपारी आजी उठून बसली आणि भिंतीतल्या देवळीतले देव तिने स्वतःच्या हाताने खाली उतरवले, शेंदराचे दोन गोटे आणि पितळेचे तीन टाक. दाई घाबरली. ओल्या बाळंतिणीने देवाला हात लावू नये, निदान नवरा येईपर्यंत तरी थांब, म्हणून विनवू लागली. आजीने ते सगळं टोपलीत भरलं आणि तिला म्हणाली, "त्यायले नागपूर लागते. मले माया घरातच होते." दाईने टोपली नेऊन नाल्याच्या डोहात रिकामी केली. पाचव्या दिवशी दाईच सटवीची पूजा मांडायला आली, कारण त्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते आणि तिच्यासाठी दौत-लेखणी ठेवायची असते. आजीने तीही उचलायला लावली. माया पोरीचं कोणी लिवाचं नाही, म्हणाली. तोवर आजोबा नागपूरहून परतला होता. त्याला देवळी रिकामी मिळाली. पण वस्तीत दीक्षेची गोष्ट निघाली की गेलेल्यांचीच निघायची, आणि मागे राहिलेली बाई नंतरच्या खात्यात पडली.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी पोरांना ही तारीख शिकवत होते आणि माझ्याच घरातलं अर्धं मला माहीत नव्हतं. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, तू कधी पुसलंस? मग तिने सरळ मागणी केली.

"सटवीले लिवू देलं नाही. गुरुजीनं खोटं लिवलं. आता तू लिव. मायं नोको, माया मायचं लिव. माया हा एक डोया हाये तवरीक मले वाचू दे."

तेरा ऑक्टोबरला, सोमवारी, मी मुख्याध्यापकांना विचारलं. माणूस वाईट नाही. रोज पांढुर्ण्याहून मोटारसायकलने येतो, पोरांच्या जेवणाकडे स्वतः लक्ष देतो. पण वादाच्या नुसत्या वाऱ्याने त्याला थंडी वाजते. दीक्षेची ओळ लिहा, ते म्हणाले, ती वहीतच आहे. तुमच्या आजींची कशी लिहिणार? आज तुमच्या आजी, उद्या आणखी कुणाच्या आजी. शाळेचा फळा हा इतिहासाचा आहे, घरच्या गोष्टींचा नाही, आणि इतिहासाला पुरावा लागतो.

मी खोलीबाहेर आले तेव्हा रागाने माझे कान तापले होते. मी त्यांना काहीच बोलले नव्हते, आणि त्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला असणार. तो त्यांचा प्रश्न.

मंगळवारी मी अर्धा तास आधी शाळेत गेले. तीन ओळी नेहमीच्या अक्षरात लिहिल्या. मग नवा खडू घेतला आणि खाली, वरच्या ओळींच्या दुप्पट मोठ्या अक्षरात, चौथी लिहिली. "१९५६ : नागपूरला जाऊ न शकलेल्या एका बाळंतिणीने याच दिवशी आपल्या घरातले देव स्वतः उतरवले आणि ती बौद्ध झाली." इतकं सरळ अक्षर माझं कित्येक दिवसांत आलं नव्हतं.

माय ऑटोने आली. मंगळवार म्हणून ऑटोत सगळे जामसांवलीच्या हनुमानाचे भाविक होते, त्यांच्यात दाटीवाटीने बसून. ती फळ्यापाशी गेली, इतकी जवळ की नाक टेकेल. बोट अक्षराखाली धरून वाचू लागली. वरच्या तीन ओळींकडे तिने पाहिलंही नाही. 'बाळंतिणीने' या शब्दापाशी ती अडली. मी सांगायला गेले, तर तिने हातानेच मला गप्प केलं आणि ते स्वतः जुळवलं.

तेवढ्यात मोटारसायकल फाटकातून आत आली. मुख्याध्यापकांनी फळा पाहिला, हेल्मेट काढलं आणि खिळ्याला टांगलेलं डस्टर हातात घेतलं.

"मॅडम, आपलं काल बोलणं झालं होतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो, तुमचं झालं होतं, माझं राहिलं होतं. या फळ्यावर सहा वर्षं माणूस चुकीच्या महिन्यात चंद्रावर उतरला, सर, तेव्हा कुणी डस्टर उचललं नाही. तुमचा-माझा वाढदिवस एक जुलै, त्याचा शिक्क्याचा कागद दोघांकडे आहे, आणि तो खोटा आहे हे दोघांनाही माहीत आहे. खोट्याला कागद आहे म्हणून ते फळ्यावर चालतं, आणि खऱ्याला नाही म्हणून ते पुसायचं, हे मला मान्य नाही. माझा आवाज चढला होता, आणि आजूबाजूला पोरं जमली होती. मला त्याची पर्वा नव्हती.

"ते ठीक आहे हो," ते अवघडून म्हणाले, "पण याचा काहीतरी पुरावा पाहिजे ना."

माय अजून फळ्याकडेच तोंड करून होती. ती वळली. तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, ती आवाजाच्या दिशेने बोलली.

"पुरावा मी हावो, गुरुजी."

त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. गुरुजी म्हणून त्यांना हाक मारणारी ती पहिलीच. ही हाक साठ वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच एका माणसासाठी राखून ठेवलेली होती, हे मला कळलं, त्यांना कळलं नसेल. मायने आणखी सांगितलं, की माया मायनं देव उतरवले तवा मी तिच्या बाजूले होती. तुम्ही पुसा, मी इथंच बसून राहतो, पोरगी पुन्हा लिवीन. आणि ती खरोखरच फळ्याखालच्या पायरीवर जाऊन बसली.

घंटा झाली. मुख्याध्यापक डस्टर तसंच हातात धरून प्रार्थनेला गेले. दिनविशेष वाचायची पाळी आली तेव्हा मी चारही ओळी वाचल्या. लढाई, विमान, दीक्षा आणि आजी. पोरांनी चारहींसाठी सारख्याच टाळ्या वाजवल्या, त्यांना काय फरक पडतो. मला मात्र पडला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पोरांसमोर पुसलं.

मधल्या सुटीत माय शिक्षकांच्या खोलीत माझ्या डब्यातली भाकर खात बसली होती. तिने विचारलं, फळा उद्या पुसशील का? पुसावाच लागेल, मी म्हटलं, उद्या पंधरा तारीख आहे. तिचा घास थांबला. मग मी कपाटातून वही काढली. आधी ऑगस्टच्या पानावरून चंद्र खोडला. मग चौदा ऑक्टोबरचं पान उघडलं आणि तिसऱ्या ओळीखाली, पक्क्या शाईने, चौथी लिहिली. मी तिला समजावलं, की या वहीतलं कुणी तपासत नाही, नुसतं उतरवतात. मी बदलून गेले तरी माझ्या जागी जी येईल ती दरवर्षी ही ओळ फळ्यावर लिहील. चुका उतरवायची जी सवय आहे ना, तीच आता आपल्या कामाला येईल.

मायने पानावरून हात फिरवला. शाई ओली होती, बोटाला लागली.

"मंग आता डोया गेला तरी चालते," ती म्हणाली.

मी म्हटलं, चालत नाही, पुढच्या वर्षीही तूच वाचशील. आणि पर्समधली बाटली काढून तिच्या उजव्या डोळ्यात दुपारचा थेंब टाकला.