मशेरीने थांबलेलं रक्त

"दात चांगले आहेत गं तुझे. त्यांना धरून ठेवणारं हाड झिजलंय," डॉक्टर मॅडम एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाल्या. "पेरिओडोंटायटिस आहे." म्हणजे हिरडीखाली मुरलेला संसर्ग, ज्याला आपण पायोरिया म्हणतो. माझे खालचे पुढचे दोन दात हलत होते. ते राहतील की काढावे लागतील, हे हिरड्या साफ केल्यावरच कळणार होतं.

मी मान हलवली. भीती वाटायला हवी होती, पण काहीच वाटलं नाही. भिंतीवरच्या पोस्टरमधलं हसणारं बाळ बघत बसले.

मी रत्नागिरीत कॉलेजला आहे. पावस गावाच्या आतल्या बाजूच्या खेड्यातून एसटीने येते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. असं काही लिहायची सवय नाही, पण आमच्यासारख्या घरातल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आमच्याकडे बायका सकाळी मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून तिची पूड करायची आणि ती दातांना, हिरड्यांना चोळायची. मी ब्रश करायचे. बारावीत ब्रशला रक्त दिसायला लागलं तेव्हा आई म्हणाली, "टोचतो तो ब्रश. ठेव बाजूला नि मशेरी लाव." काही दिवसांत रक्त थांबलं, ठणकाही गेला. आम्हा दोघींना वाटलं, बरं झालं.

"बरं नाही झालं, बधिर झालं," मॅडम म्हणाल्या. "तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त दिसत नाही, पण आत आजार चालूच असतो."

मग स्केलिंग झालं. दातांवर साचून घट्ट झालेला थर, म्हणजे टार्टर, यंत्राने काढतात. मी विचारलं, नीट ब्रश केला तर नाही का निघणार? मॅडम म्हणाल्या, "ब्रशने कातळ फुटतो होय?" हिरडीच्या आतलं साफ करायला इंजेक्शन दिलं. ओठ दुसऱ्या कुणाचा असावा तसा लागत होता. यंत्राचा आवाज, तोंडात पाणी, थुंकल्यावर काळपट कण. त्या दिवशी एकच बाजू झाली.

घरी आले तर जीभ दातांमधल्या फटींत जात होती. गार पाण्याने कळ येई. आणि ते दोन दात आधीपेक्षा जास्त हलत होते. आईने बघितलं.

"बोलले नव्हते मी? दातांमधला दगड काढलंन त्या बाईने. आता दात कशाला टेकून राहणार? परत नको जाव गो बाय."

आईचे खालचे दात चाळिशीच्या आतच गेले. तिच्या लेखी दात जातातच. मलाही वाटलं, तिचं खरं असेल. हलत तर होतेच. तरी मी मॅडमकडे परत गेले, निदान विचारावं म्हणून.

मॅडम रागावल्या नाहीत. "तो थर दातांना एकमेकांशी चिकटवून ठेवत होता. खोटा आधार. आता सूज उतरली म्हणून फटी दिसतात. हिरडी आवळायला वेळ दे. मशेरी मात्र आजपासून बंद."

दुसरी बाजू झाली. मशेरी सोडल्यावर सकाळी डोकं दुखायचं, पोट साफ होत नसे. ब्रशला परत रक्त आलं; आकसलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या की येतं, हे मॅडमनी सांगितलंच होतं. हळूहळू ते कमी झालं. वर्गात लक्ष लागत नव्हतं, पण रडूही येत नव्हतं. बस पकडायची, मऊ ब्रश फिरवायचा, एवढंच.

तपासणीच्या दिवशी मॅडमनी बारीक सळईने हिरड्यांची खोली मोजली, दात हलवून बघितले.

"राहतील. झिजलेलं हाड परत येत नाही, पण आहे ते सांभाळता येतं. दर तीन-चार महिन्यांनी साफ करायला यायचं."

नीट आभार मानायचे राहूनच गेले. ते इथे मानते.

घरी सांगितलं तर आईचा विश्वास बसेना. "आ कर," म्हणाली आणि बोटाने स्वतः दात हलवून बघितला. दोनदा.

"घट्ट हाय गो."

मग तिने पदराला बोट पुसलं.

"माझे वरचे थोडे उरलेत," ती म्हणाली. "त्यांचं काय होईल काय, विचारशील तिला?"

मी म्हणाले, तूच चल.