एसीच्या जाळीपुढचा हात

माझे हात स्वस्थ बसत नाहीत. सिनेमा बघताना खुर्चीचं रेक्झिन उचकटतो, कुणाकडे जेवायला गेलो तर मीठदाणीचं झाकण फिरवत बसतो. नोकरीही तशीच मिळाली. वाळूजच्या एका कारखान्यात तपासनीस. दिवसभर सुटे भाग मोजायचे, जरा कमी-जास्त भरला की बाजूला काढायचा. त्यामुळे पहिली गाडी घेतली, जुनीच, तेव्हा मला इंजिनापेक्षा एसीच्या तीन गोल बटणांचं वेड लागलं. एक पंख्याचं, एक थंड-गरमचं, एक वारा कुठून सोडायचा त्याचं. खाली एक सरकती दांडी होती, बाहेरची हवा आत घ्यायची की आतलीच फिरवायची ते ठरवणारी. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी डिक्शनरी जवळ ठेवून वाचून काढलं. पोथी कधी एवढ्या भक्तीने वाचली नव्हती.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. आमची मुलगी मे महिन्यात झाली, सिझेरियनने. बायकोला आई नव्हती, म्हणून बाळंतपण माझ्या आईकडे आलं. आई देवगाव रंगारीची, मेंढरांच्या घरातली. वडिलांनी मेंढरं विकली आणि ते शेतीला लागले ते माझ्या जन्मानंतर. त्याआधी दोघं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायची. आईचा एकच हट्ट होता, बारसं गावातल्या घरी व्हायला हवं. म्हणजे टाके निघाले की दवाखान्यातून थेट गाव, पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि तेही मे महिन्यात.

तीन दिवस मी मनातल्या मनात तेवढीच गाडी चालवत होतो. सकाळी सातला निघायचं. उन्हात उभी असेल तर आधी चारही दारं उघडी टाकायची, आतली कोंडलेली वाफ जाऊ द्यायची. मग काचा थोड्या खाली ठेवून एसी लावायचा, गाडी निवली की काचा वर. वाऱ्याचा झोत बाळावर नको, वरच्या बाजूला हवा. आणि माणसं जास्त असली की आतलीच हवा फिरवत बसायचं नाही, नाहीतर चालवणाऱ्याला पेंग येते. हे सगळं मी बायकोला दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी ती पलंगावरून म्हणाली, "अहो, मला टाके दुखतायत."

सातचे साडेबारा झाले. सोडण्याच्या कागदावर सही करणारे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मी दवाखान्याच्या पायऱ्या किती वेळा चढलो-उतरलो ते वॉचमनला विचारावं. शेवटी एकदाचा कागद हातात पडला. मी दारं उघडली, गाडी चांगली निववली आणि मोठ्या दिमाखात आईला म्हणालो, "बस आता. बघ कशी गार झालीय."

ती पुढच्या सीटवर बसली, मांडीवर बाळ. मागे बायको, टाक्यांमुळे आडवी. तेव्हा सगळे असंच बसायचे. आज कुणी तान्ह्या बाळाला पुढे मांडीवर घेऊन बसलेलं दिसलं की मी काचेतून हात करून मागे बसायला सांगतो. बाळाला कुंची, कान बांधलेले, दोन दुपटी आणि सगळ्याच्या वर घोंगडीचा एक तुकडा. तो तुकडा आईने गावाहून मुद्दाम आणला होता. एसीचा पहिला वारा लागला तशी ती दचकलीच.

"बंद कर ते."

"आई, बाहेर आग ओकतंय."

"वल्ल्या बाळंतिणीला वारं लागतंय, पोरीला लागतंय. बंद कर म्हनते ना!"

मी बंद केला. आईपुढे माझं तोंड कधी चाललं नाही. पण हातांचं काय? नगर नाका सोडला आणि माझा हात हळूच पंख्याच्या बटणाकडे गेला, एक घर फिरवलं. तिला आवाजावरून कळलं. तिने पिशवीतून दोन लंगोट काढले आणि एसीच्या जाळ्यांत बोटाने कोंबून बसवले. एक तिच्या समोरच्या, एक मधल्या. मागून बायको हसली, पण ते हसू पुरतं फुटायच्या आतच विरलं. तिच्या कपाळावरून घाम वाहत होता.

काच खाली करावी तर भट्टीसारखी झळ आत येत होती, शिवाय आई "वारं, वारं" म्हणून ओरडणार. काचा बंद, एसी बंद, दांडी आतल्या हवेवर, आणि चार माणसं एकमेकांचा श्वास घेत चाललेली. दौलताबादचा किल्ला मागे पडला तेव्हा मला पहिली जांभई आली. पुस्तकात लिहिलेलं सगळं माझ्या डोळ्यांपुढे घडत होतं आणि मी नुसता स्टिअरिंगवर बोटं वाजवत होतो. मागच्या आरशात बायको डोळे मिटून होती. झोपली की भोवळ आली, कळेना. दर दोन मिनिटांनी मी बाळाकडे बघायचो. घोंगडीतून नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता, लालबुंद.

"आई, तिला गरम होतंय. काढ ती घोंगडी."

"मेंढीचं कोकरू बी घोंगडीत जगतंय. उघड्यावर ठिवलं की मरतंय. तू गाडी चालीव."

"कोकरू पौषात असतं गं! हा मे आहे! तुला काय कळतंय गाडीतलं?"

शेवटचं वाक्य मी ओरडलो. पूर्वी कधी ओरडलो नव्हतो. आई समोर बघत राहिली.

मग लक्षात आलं की बाळ आवाजच करत नाहीये. दवाखान्यात दर तासाला टाहो फोडणारी पोर. बायको मागून म्हणाली, "आत्याबाई, तिची दुधाची वेळ होऊन गेली. रडली कशी नाही?" कसाबखेड्याच्या अलीकडे एका कडुलिंबाखाली मी गाडी घातली आणि इंजिन चालू ठेवून आईकडे वळलो.

आईने बाळाचा गाल हलवला. बाळाने डोळे उघडले नाहीत. तेव्हा तिने पदराने करंगळी पुसली आणि बाळाच्या ओठांतून आत घातली. कोकरू सुस्त पडलं की मेंढरांची माणसं असंच करतात, तोंडात बोट घालून बघतात. मी ते लहानपणी गावात पाहिलं होतं, पण माणसाच्या लेकराला कुणी केलेलं पाहिलं नव्हतं. आईचा चेहरा बदलला.

"निखारा हाय," ती म्हणाली. "तोंड निखारा हाय. लाव तुजं ते. लाव लवकर."

तिने स्वतःच लंगोट ओढून काढले. आणि मी शहाण्याने काय केलं? पंखा चारवर, बटण निळ्याच्या पार टोकाला, झोत सरळ समोर. तासभर दाबून ठेवलेले हात एकदम सुटले. घोंगडी काढून झाली होती, कुंची निघाली होती, घामाने निथळत असलेल्या त्या एवढ्याशा जिवावर बर्फासारखा वारा आदळला. बाळ अंग आक्रसून थरथरलं. मागून बायको किंचाळली, "अहो, वेड लागलंय का!" आईने बाळाला छातीशी वळवलं आणि मोकळा पंजा जाळीवर दाबून धरला.

"दमानं," ती म्हणाली. "जरा दमानं घे."

पुस्तक वाचलेलं मी. तरी दमानं घ्यायला मला तिने शिकवावं लागलं. मी पंखा एकवर आणला, थंडी मध्यावर, जाळीच्या पट्ट्या छताकडे वळवल्या, दांडी सरकवून बाहेरची हवा घेतली. आईने ओलं दुपटं काढून कोरडं, पातळ गुंडाळलं. किती मिनिटं गेली ते सांगता येणार नाही. मी घड्याळ बघत होतो, पण मला काटे दिसत नव्हते. बाळाचा लाल रंग हळूहळू उतरला. आईने पुन्हा करंगळी दिली आणि या वेळी पोरीने ती ओढली. आधी सावकाश, मग चांगली जोरात. आईने तिला मागे बायकोकडे दिलं. दूध पिण्याचा आवाज मला पुढपर्यंत ऐकू आला आणि मी ढसाढसा रडलो. लाज वगैरे वाटायला त्या वेळी फुरसत नव्हती.

पोटभर पिऊन बाळ पुन्हा आईच्या मांडीवर आलं. आम्ही निघालो. देवगावात शिरताच आधी डॉक्टरला दाखवायचं, असं आईनेच ठरवलं. तिचा उजवा पंजा तिच्या समोरच्या जाळीपुढे तसाच होता. दाबलेला नाही, नुसता आडवा धरलेला. वारा तिच्या बोटांवरून वर जायचा. रस्त्याच्या वळणावर गाडी हलली की हातही तेवढाच हलायचा.

कसाबखेडा मागे पडला आणि ती बोलली, माझ्याकडे न बघता.

"तुज्या आदी एक झाला व्हता. पोरगा. मेंढरांबरं वाटंला व्हतो, पौषात. लई वारं सुटलं व्हतं. तुज्या बापानं घोंगडी मेंढीच्या पिलावर टाकली व्हती, ती काढून आनस्तोवर…" तिने वाक्य तिथेच सोडलं. "सकाळी मी असंच बोट घातलं तोंडात. गार व्हतं."

मी थोरला नव्हतो हे मला त्या दिवशी कळलं. माझं लग्न झालेलं, मला मूल झालेलं, आणि घरात कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. तिचा तो घोंगडीचा तुकडा माझ्या पायाजवळ चोळामोळा होऊन पडला होता, मीच तिच्या हातातून हिसकून खाली टाकलेला. मी एवढंच म्हणालो.

"आई, हात अवघडला असेल. काढ आता. वारा वरनंच जातोय."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला गाडीतलं नाय कळत, बाबा. वारं कळतं."

देवगाव येईपर्यंत मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.