ज्याची तक्रार, त्याची शिट्टी

झाशीत हॉकी बघणाऱ्यांकडे किस्से कमी पडत नाहीत. मॅच जिंकली तर एखादा, हरली तर दहा, आणि दहाही अंपायरवर! आमच्या क्लबच्या मुलींची दर रविवारी सकाळी मॅच असते. ती भरवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे, म्हणून हे सगळे किस्से माझ्याकडेच जमा होतात.

*

आमचे तात्या झाशीच्या जुन्या मराठी घराण्यातले. नात इरा क्लबात डिफेन्समध्ये खेळते. एकदा आम्ही सहा-शून्य हरलो. सीपरी बाजारात चहा पिताना तात्यांनी नेहमीप्रमाणे आमच्या अंपायरवर, गुप्ताजींवर खटला चालवला.

मी विचारलं, "तात्या, सहाही गोल गुप्ताजींनी मारले का?"

"पहिला त्याने चुकीचा दिला. पोरींचं मन खचलं. पुढचे पाच त्याच्याच डोक्यावर."

*

सुभेदार कदम मूळचे साताऱ्याचे. जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीतून रिटायर झाले आणि इथेच राहिले. टीव्हीवर अंपायरचा निर्णय पटला नाही की खेळाडू हवेत हाताने चौकोन काढून पडद्यावर पुन्हा बघायला लावतात. ती मागणी, म्हणजे रेफरल, फुकट गेली की पुन्हा करता येत नाही. कदमांना या चौकोनाची सवयच लागली.

एकदा जेवताना वहिनी म्हणाल्या, "आमटीत मीठ बरोबर आहे." कदमांनी मुकाट्याने हवेत चौकोन काढला.

वहिनी म्हणाल्या, "तुमचा रेफरल सकाळी चहालाच फुकट गेला. जेवा आता."

*

हे सगळं गमतीचं होतं तोवर ठीक होतं. मग लोक एक गोल बसला की "अंपायर बिका हुआ है" म्हणत अर्ध्यातून उठायला लागले. नंतर यायचेच बंद झाले. एका रविवारी बघायला आम्ही चौघेच होतो, आणि गुप्ताजींना कोणी एक शब्द बोललं नाही. शिव्या द्यायलाही माणूस उरला नव्हता.

मैदानाचे चौकीदार जवळ येऊन म्हणाले, "भैया, इतवार क्रिकेट वालों को दे दें? आपके यहाँ तो कोई आता नहीं."

"नहीं देंगे," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. घरी येईपर्यंत नियम ठरवून टाकला: जो अंपायरला नावं ठेवेल, पुढच्या रविवारी शिट्टी त्याच्या हातात.

*

पहिले सापडले कदम. त्यांनी अख्खं नियमपुस्तक पाठ केलं आणि प्रत्येक कलम अमलात आणलं. पहिल्या पाच मिनिटांत शिट्टी इतकी वाजली की चेंडू मधल्या रेषेच्या पुढे गेलाच नाही. वीस वर्षांत प्रथमच बाकावर बसलेले गुप्ताजी शेंगदाणे खाता खाता ओरडले, "अंपायर अंधा है!"

बातमी बाजारभर झाली. पुढच्या रविवारी वीस माणसं आली.

*

मग तात्यांची पाळी आली. समोर बबीन्याची टीम होती. तात्या शिट्टी फुंकणार म्हणून पन्नासेक माणसं जमली. चौकीदारही खुर्ची घेऊन बसले.

एक-एक बरोबरी झाली. शेवटचं मिनिट नुकतंच लागलं होतं. आमच्या डीमध्ये, गोलसमोरच्या घोळक्यात, चेंडू इराच्या पायाला लागला, म्हणजे फाउल. कोणाला दिसलं नाही. बबीन्याच्या मुलींनीही हात वर केला नाही.

तात्यांनी शिट्टी वाजवली. आमच्याविरुद्ध पेनल्टी कॉर्नर, आणि त्यावर गोल.

लोक खवळले. "तात्याजी, चश्मा बदलो!" "घर में ही गद्दार!" पुढच्या रांगेतले चार-सहा जण घरी जायला उठून चपला शोधायला लागले. मी हात जोडून म्हणत होतो, बसा, बसा. कोणी ऐकेना. तात्या शिट्टी मुठीत धरून उभे होते, खाली मान घालून.

इरा तरातरा त्यांच्याजवळ गेली. "आजोबा, किसी ने देखा भी नहीं था."

"मी पाहिलं होतं, बाळा."

इरा लोकांकडे वळली आणि स्टिक वर करून ओरडली, "पाँव मेरा ही था. बैठिए सब लोग. अभी चालीस सेकंड बाकी हैं."

आणि चेंडू मध्यावर ठेवायला धावत गेली. उठलेले सगळे खाली बसले.